शून्य जकात आणि थांबलेली मालमोटार

(युरोपीय संघ सोडताना ब्रिटनने केलेल्या व्यापारी वाटाघाटींचा अभ्यास)

एस. वाय. बी. ए., अर्थशास्त्र

गेल्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तासाला आमच्या सरांनी एक प्रश्न विचारला. दोन शेजाऱ्यांत करार झाला, दोघांनीही एकमेकांच्या मालावरील जकात शून्य केली. मग सरहद्दीवर मालमोटारींची रांग का लागली? वर्गात शांतता पसरली. मला उत्तर येत होते असे नाही, परंतु मला माझ्या मामांची आठवण झाली. मामा मालमोटार चालवतात. मुंबईला जकात होती तोवर (१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ती बंद झाली) मुलुंडच्या नाक्यावर त्यांच्या कित्येक रात्री गेल्या आहेत. ते म्हणत, "पैसे भरायला पाच मिनिटं लागतात गं, पण कागद दाखवून, ताडपत्री सोडून, पुन्हा बांधायला रात्र जाते." मी धीर करून हे वर्गात सांगितले. मुले हसली. सर मात्र हसले नाहीत. "तुझ्या मामांना जे कळले ते ब्रिटनच्या मंत्र्यांना कळायला साडेचार वर्षे लागली," असे म्हणून त्यांनी मला या विषयावर वाचायला सांगितले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फळ होय. विषय मोठा आणि माझी तयारी बेताची. तेव्हा काही उणे राहिले असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

संघात राहणे म्हणजे काय?

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. दोनच वर्षांनी, १९७५ साली, तेथे सार्वमत झाले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी आत राहण्याचा कौल दिला. पुढे या समुदायाचाच युरोपीय संघ झाला. व्यापाराच्या दृष्टीने या संघात दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. त्या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच पुढचा बराच घोळ झाला, असे मला वाचताना वाटत राहिले.

पहिली गोष्ट जकात संघ. सभासदांनी आपापसात जकात घ्यावयाची नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी सारखीच घ्यावयाची. भारतातला तयार कपडा हॅम्बुर्गला उतरो की लंडनला, दर एकच. साहजिकच कोणत्याही एका सभासदाला तिऱ्हाईत देशाशी जकातीचा स्वतंत्र करार करता येत नाही. तो सर्वांच्या वतीने ब्रुसेल्सहून होतो. त्यामुळे चाळीसहून अधिक वर्षे ब्रिटनने व्यापाराच्या वाटाघाटी स्वतः केल्याच नव्हत्या. २०१६ साली त्यासाठी नवे खाते उघडावे लागले आणि मुख्य सल्लागार म्हणून न्यूझीलंडचा अनुभवी माणूस आणावा लागला. ज्या राष्ट्राने एके काळी अर्ध्या जगाला व्यापाराच्या अटी घातल्या त्याची ही स्थिती पाहून इतिहासाच्या विद्यार्थ्याला गंमत वाटल्यावाचून राहणार नाही.

दुसरी गोष्ट एकल बाजारपेठ. ती १ जानेवारी १९९३ पासून अमलात आली. येथे प्रश्न जकातीचा नसून नियमांचा आहे. मांसात कोणत्या औषधाचा अंश चालेल, खेळण्याला कोणता रंग लावावा, यंत्राला कोणती सुरक्षा हवी, याचे नियम सर्वांचे एक. एका देशात पास झालेला माल दुसऱ्या देशात पुन्हा तपासायचा नाही. म्हणूनच सरहद्दीवर तपासनीस नको, नाका नको. नियमांबद्दल वाद झाल्यास शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा. गंमत अशी की या बाजारपेठेच्या उभारणीत मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचा पुढाकार होता आणि तिचा मूळ आराखडा १९८५ साली लॉर्ड कॉकफील्ड या ब्रिटिश गृहस्थांच्याच देखरेखीखाली तयार झाला.

मामांच्या भाषेत सांगावयाचे तर जकात संघामुळे पैसे भरण्याची खिडकी बंद होते आणि एकल बाजारपेठेमुळे ताडपत्री सोडावी लागत नाही. मात्र या बाजारपेठेची एक अट आहे. माल, सेवा, भांडवल आणि माणसे या चारही गोष्टींना मोकळी वाट द्यावी लागते. ब्रिटनमधील अनेकांना पहिल्या तीन हव्या होत्या, चौथी नको होती.

जायचे ठरले, कोठे ते ठरले नाही

२३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत झाले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच होता की संघात राहावे की संघ सोडावा. सोडून कोठे जावे, हा प्रश्न नव्हता. वस्तुतः बाहेरही अनेक जागा आहेत. नॉर्वे संघात नाही, पण एकल बाजारपेठेत आहे. तुर्कस्तानचा संघाशी औद्योगिक मालापुरता जकात संघ आहे. स्वित्झर्लंडचे अनेक सुटेसुटे करार आहेत. कॅनडाचा नुसता व्यापार करार आहे. या सर्वांना 'बाहेर' हा एकच शब्द लागू पडतो.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या भाषणात सांगितले की ब्रिटन एकल बाजारपेठही सोडणार आणि जकात संघातही आहे तसा राहणार नाही. त्याच भाषणात व्यापार मात्र शक्य तितका बिनअडथळ्याचा हवा, असेही होते. या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते भरून काढण्यातच पुढची चार वर्षे गेली. संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निये यांनी डिसेंबर २०१७ मध्ये एका कागदावर जिन्याचे चित्र काढून दाखवले होते. वरच्या पायरीवर नॉर्वे, मग स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, आणि खाली कॅनडा व दक्षिण कोरिया. प्रत्येक पायरीवर ब्रिटनने स्वतःच घातलेली कोणती तरी अट आडवी येत होती. माणसांची ये-जा नको म्हटले की नॉर्वे गेला. स्वतंत्र व्यापार करार हवे म्हटले की तुर्कस्तान गेला. उतरत उतरत पाय कॅनडाच्या पायरीवर टेकतो. ब्रिटनमध्ये जाहीर वाद आणखी तीन वर्षे चालला, पण तो कागद मी पाहिला तेव्हा मला वाटले की शेवट त्याच दिवशी लिहिला गेला होता.

आता घड्याळाविषयी. संघ सोडण्याची रीत लिस्बन कराराच्या ५० व्या कलमात दिली आहे. सोडणाऱ्याने नोटीस द्यावयाची. त्यानंतर दोन वर्षांत करार झाला नाही तर तो कराराविनाच बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या सर्व सभासदांचे एकमत हवे. म्हणजे नोटीस केव्हा द्यावी एवढेच काय ते सोडणाऱ्याच्या हाती. दिल्यानंतर वेळ समोरच्याच्या खिशात जाते. मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी नोटीस दिली, नेमके काय मागावयाचे यावर स्वतःच्या मंत्रिमंडळाचे एकमत होण्याआधीच. नंतर लगेच निवडणूक घेतली आणि ८ जूनच्या मतदानात बहुमतही गमावले.

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबागेचा सौदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. मणी साखर धरून तयार झाला, आभाळ भरून आले आणि शेतकऱ्याने भावाची बोलणी तेव्हा सुरू केली, तर व्यापारी कशाला घाई करील? तो चहा मागवतो. त्याला दुसऱ्या बागा आहेत. २०१६ च्या सुमारास ब्रिटनच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे ४३ टक्के निर्यात संघातील देशांना होत होती. संघातील देशांच्या एकूण विक्रीत ब्रिटनचा वाटा त्या मानाने पुष्कळ लहान होता. उरलेल्या २७ देशांचेही नुकसान होणारच होते, पण ते सत्तावीस ठिकाणी वाटले जाणार होते.

येथे ग्रीनलंडचे उदाहरण आठवते. डेन्मार्कबरोबर ते बेटही १९७३ साली समुदायात ओढले गेले होते. स्वराज्य मिळाल्यावर १९८२ मध्ये तेथील लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ते बाहेर पडले. लोकसंख्या पन्नास-पंचावन्न हजार, मुख्य माल एक, तो म्हणजे मासळी. आणि तरीही तीन वर्षे लागली. करार असा झाला की ग्रीनलंडची मासळी युरोपात जकातीविना जावी आणि मोबदल्यात युरोपीय होड्यांना त्यांच्या समुद्रात परवाने मिळावेत, त्याचे पैसेही ग्रीनलंडला मिळावेत. आपल्याजवळ काय आहे आणि त्याबदली काय हवे हे त्या लहानशा लोकांना स्पष्ट होते. पन्नास हजार प्रकारचा माल असलेल्या देशाला ते तितके सोपे नाही, हेही खरे.

आधी काय, मग काय

कोणत्या विषयावर आधी बोलावयाचे, हा प्रश्न मला पूर्वी कारकुनी वाटत असे. ब्रिटनचे मंत्री डेव्हिड डेव्हिस यांना तो तसा वाटत नव्हता. त्यांनी याच मुद्द्यावर भांडण होईल असे जाहीर केले होते. संघाचे म्हणणे होते की आधी मागची देणी, परस्परांच्या देशांत राहणाऱ्या नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सरहद्द हे तीन विषय पुरेसे मार्गी लागावेत, व्यापार त्यानंतर. १९ जून २०१७ रोजी बोलणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ब्रिटनने हा क्रम मान्य केला. ब्रिटनच्या हाती सर्वांत मोठे चलन होते ते पैशाचे. स्वतःच्या अर्थखात्याच्या अंदाजाने ३५ ते ३९ अब्ज पौंड. ते व्यापाराचा शब्द निघण्यापूर्वीच टेबलावर ठेवले गेले.

वाटणीचा आणखी एक प्रकार फारसा चर्चिला जात नाही, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. न्यूझीलंडला सुमारे २ लाख २८ हजार टन मेंढीचे मांस युरोपात जकातीविना पाठवण्याची मुभा होती. आता घर फुटले, तर हा कोटा कोणाकडे किती? ब्रिटन व संघ यांनी आपसात सुमारे निम्मानिम्मा वाटून घेतला. त्यावर न्यूझीलंड, अमेरिका, ब्राझील यांच्यासह सात देशांनी २०१७ साली तक्रार केली. त्यांचे म्हणणे बिनतोड होते: पूर्वी आम्ही भाव पाहून कोठेही सगळा माल विकू शकत होतो, आता दोन कप्पे झाले, म्हणजे बेरीज तीच राहूनही आमची सोय कमी झाली. भाऊ वेगळे झाले की दोघांच्या वाटण्या होतात, पण दोघांकडे येणाऱ्या पाहुण्याचीही अडचण होते.

पाचशे किलोमीटरची कुंपण नसलेली सरहद्द

या सर्व प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवले ते आयर्लंडने. आयर्लंड बेटाचा उत्तर भाग ब्रिटनच्या राज्यात आहे, उरलेला भाग स्वतंत्र प्रजासत्ताक व संघाचा सभासद. दोहोंमधील सरहद्द सुमारे पाचशे किलोमीटर लांब असून तिला ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक आहेत. उत्तर भागात तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' करारानंतर तेथे शांतता आली. सैनिकी चौक्या गेल्या. जकातीचे नाके तर एकल बाजारपेठेमुळे आधीच गेले होते. आज शेतकऱ्याचे घर अलीकडे आणि गोठा पलीकडे असू शकतो. उत्तरेतल्या दुधाचा बराचसा हिस्सा दक्षिणेतल्या डेअऱ्यांत जातो.

आता ब्रिटन जकात संघातूनही बाहेर आणि एकल बाजारपेठेतूनही बाहेर. मग अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. नियम दोन झाले की तपासणी आली. ती कोठे करावयाची? जागा तीनच आहेत. जमिनीवरील सरहद्दीवर केली तर नाके परत येतात, आणि ज्या नाक्यांवर माणसे मेली तेथे पुन्हा शिपाई उभा करावयास कोणीच तयार नव्हते. ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामधील समुद्रात केली तर एकाच राष्ट्राच्या दोन भागांत नाका येतो. आणि तपासणीच नको असेल तर सगळ्या ब्रिटननेच संघाचे नियम पाळावयाचे. मग बाहेर पडून काय मिळवले? चौथी वाट नाही. यंत्रे व कॅमेरे लावून ती काढता येईल असे बरेच दिवस सांगितले गेले, ती निघाली नाही.

मे यांनी तिसऱ्या वाटेकडे झुकणारा तोडगा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणला. दुसरी व्यवस्था सापडेपर्यंत सगळाच देश संघाच्या जकातकक्षेत राहील असा तो होता. १५ जानेवारी २०१९ रोजी पार्लमेंटने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. सोडण्याची तारीख २९ मार्च होती, ती पुढे ढकलावी लागली. तीही मागून, कारण घड्याळ समोरच्याच्या खिशात होते. मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. त्यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दुसरी वाट स्वीकारली, म्हणजे समुद्रातील नाका. विशेष म्हणजे कोणतेही हुजूरपक्षीय सरकार असे मान्य करू शकत नाही, हे त्यांनीच वर्षभरापूर्वी उत्तर आयर्लंडमधील एका पक्षाच्या परिषदेत सांगितले होते. करार झाल्यावर तेथील व्यापाऱ्यांना त्यांनी सांगितले की कसलेही फॉर्म भरावे लागणार नाहीत.

फॉर्म भरावे लागले. स्कॉटलंडचे बियाण्याचे बटाटे पिढ्यान् पिढ्या उत्तर आयर्लंडला जात, ते बंद झाले, कारण बाहेरून येणाऱ्या अशा मालाला संघाच्या नियमात जागा नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने या व्यवस्थेतील काही भाग मोडणारे विधेयक आणले आणि त्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा मर्यादित भंग होतो, हे मंत्र्याने सभागृहात कबूलही केले. दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. २९ जानेवारी २०२१ रोजी कोरोना लसीच्या टंचाईत युरोपीय आयोगाने याच सरहद्दीवर निर्बंध आणण्याचे कलम उगारले आणि काही तासांतच मागे घेतले. ज्या सरहद्दीच्या पावित्र्याबद्दल चार वर्षे व्याख्याने दिली ती एका संध्याकाळी विसरली गेली! अखेर २७ फेब्रुवारी २०२३ रोजी ऋषी सुनक यांच्या काळात विंडसर येथे तडजोड झाली. उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी वाट, पुढे संघात जाऊ शकणाऱ्या मालाला तांबडी. बियाण्याचे बटाटेही पुन्हा निघाले.

मासळीसाठी अडलेला करार

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. कायमच्या व्यापार कराराला अकरा महिने उरले, तेही कोरोनाच्या वर्षातले. अडलेले मुद्दे तीन होते: स्पर्धेचे समान नियम, वाद मिटवण्याची रीत, आणि मासळी. ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नात मासेमारीचा वाटा हजारात एक एवढाच आहे. तरीही शेवटच्या रात्रीपर्यंत बोलणी चालली ती मासळीवर. माझ्या एका मैत्रिणीला हे हास्यास्पद वाटले. मला तसे वाटत नाही. किनाऱ्यावरच्या गावाला राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा सांगून भागत नाही; त्याचे तेच सर्वस्व असते. पण हेही तितकेच खरे की ब्रिटिश कोळी जे पकडतात त्यातले पुष्कळ युरोपातच विकले जाते. समुद्र आपला, मासळी आपली, पण गिऱ्हाईक पलीकडचे, अशी ती कोंडी होती.

त्याच आठवड्यात, २० डिसेंबर २०२० पासून दोन दिवस, ब्रिटनमधील विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने फ्रान्सने वाहतूक बंद केली. केंट परगण्यात मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर हजारो मालमोटारी अडकल्या आणि त्यांच्या चालकांचा नाताळ तेथेच गेला. कारण रोगाचे होते, कराराचे नव्हते. परंतु पलीकडचे दार बंद झाले की काय होते त्याचे चित्र सर्वांनी पाहिले. २४ डिसेंबरला करार झाला. तो बाराशेहून अधिक पानांचा होता. जकात शून्य, कोटा शून्य. मासळीचे असे ठरले की ब्रिटिश समुद्रातील युरोपीय होड्यांच्या वाट्यापैकी २५ टक्के, साडेपाच वर्षांत, म्हणजे ३० जून २०२६ पर्यंत, ब्रिटनकडे यावेत.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर

जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावरील एक प्रसंग दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. ब्रिटनहून आलेल्या चालकाच्या हातात घरून आणलेली मांसाची सँडविच होती. अधिकाऱ्याने ती काढून घेतली. चालकाने विचारले, मांस घ्या, पाव तरी राहू द्या. तेही नाही. यात कोणी दुष्ट नाही. बाहेरच्या देशातून मांस आणू नये हा संघाचा नियम जुनाच होता. ब्रिटन बाहेरचा देश झाला होता, एवढेच.

स्कॉटलंडचे खेकडे व शिंपले एका रात्रीत फ्रान्सला पोहोचत असत. आता प्रत्येक खेपेला पशुवैद्याचा दाखला, माल पकडल्याचा दाखला, जकातीचा अर्ज. एका मोटारीत दहा जणांचा माल असेल तर दहा जणांचे कागद. एकाचे चुकले की दहाही थांबले. १८ जानेवारी २०२१ रोजी मासळी व्यापाऱ्यांनी आपल्या मोटारी लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर आणून उभ्या केल्या. जकात तर एक पेनीही नव्हती.

शिवाय ती शून्य जकात सर्व मालाला नव्हती. माल ब्रिटनचा किंवा संघाचा 'मूळचा' असला पाहिजे, आणि ते सिद्ध केले पाहिजे. ब्रिटनमधील एका नामांकित दुकानाच्या गोळ्या जर्मनीत बनत, ब्रिटनमध्ये येत आणि तेथून आयर्लंडला जात. जर्मनी संघात, आयर्लंड संघात. पण ब्रिटनमध्ये उतरून पुन्हा निघाल्या म्हणून त्यांच्यावर जकात लागू झाली.

ब्रिटनने स्वतःच्या बाजूची तपासणी मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. अन्नपदार्थांची खरी तपासणी २०२४ साली सुरू झाली. म्हणजे तीन वर्षे ब्रिटिश माल पलीकडे थांबत होता आणि युरोपीय माल अलीकडे सरळ येत होता. वाटाघाटींच्या दृष्टीने याहून वाईट काय असेल? ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे की संघात राहिले असते त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घ मुदतीत सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. हा अंदाज आहे. त्या वर्षांत कोरोनाही होता, युक्रेनचे युद्धही झाले, आणि सगळे खापर एकावर फोडणे योग्य नव्हे.

बाहेर पडून काही मिळाले नाही असेही म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी केलेले करार ३१ मे २०२३ पासून अमलात आले. इंग्लंडने २०२३ साली पिकांच्या जनुक-संपादनाबद्दल संघापेक्षा मोकळा कायदा केला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जगावर जकाती जाहीर केल्या तेव्हा ब्रिटनवर १० टक्के आणि युरोपीय संघावर २० टक्के होती. आणि २४ जुलै २०२५ रोजी भारताशी करार झाला. त्याची बोलणी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली होती. जॉन्सन यांनी त्याच वर्षीच्या दिवाळीची मुदत घातली, ती हुकली. या वेळी घाई ब्रिटनला होती आणि चहा मागवण्याची पाळी आपली होती. या करारात स्कॉच व्हिस्कीवरील आपली १५० टक्के जकात आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणावयाचे ठरले. ब्रिटनने आपल्या ९९ टक्के प्रकारच्या मालावरील जकात काढण्याचे मान्य केले. संघात असता तर ब्रिटनला असा करार करताच आला नसता. मात्र ज्या शेजाऱ्यांना चाळीस टक्क्यांवर माल जातो त्यांच्या तुलनेत भारताचा वाटा फारच लहान आहे.

माझी आई हंगामात द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जाते. घड तपासायचा, खराब मणी कात्रीने काढायचा, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये बसवायचा. पेट्या रॉटरडॅमच्या वेगळ्या, इंग्लंडच्या वेगळ्या. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या संजीवकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडवली गेली, तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या वर्षी आईचे काम हंगाम संपण्यापूर्वीच थांबले, एवढे घरात पुष्कळदा ऐकले आहे. जकात त्याही वर्षी तीच होती. मी हे वाचन करत होते तेव्हा एकदा तिला सांगितले की २०२१ पासून इंग्लंड आणि रॉटरडॅम ही दोन वेगळी दारे झाली, आता दोघांचे नियम वेगळे होऊ शकतात. ती म्हणाली, "म्हणजे फवारणीच्या वहीचे दोनदा कागद का?"

१९ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघ पुन्हा बसले. मासळीसाठी युरोपीय होड्यांना ३० जून २०३८ पर्यंत ब्रिटिश समुद्रात मुभा द्यावयाचे ठरले. आणि अन्नपदार्थ व वनस्पती यांच्याबाबत ब्रिटनने संघाचे नियम पाळावेत, ते बदलतील तसे आपलेही बदलावेत, आणि त्या बदल्यात सरहद्दीवरचे दाखले व तपासण्या बहुतांशी जाव्यात, असा करार करण्याचे उभयतांनी मान्य केले. ते नियम करणाऱ्या सभेत आता ब्रिटनला मत नाही. मामांना हे सांगितले तेव्हा ते ताडपत्रीची दोरी आवळत होते. त्यांनी विचारले, "मग नाका उठणार ना?"